हळदीशिवायचा कोसा

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांचा शोधनिबंध पहिल्यांदा माझ्या हातात दिला, तेव्हा त्याचं शीर्षकच अडीच ओळींचं होतं. त्यात ‘प्रगत’ होतं, ‘कार्यक्षम’ होतं, ‘जैवपदार्थ’ होतं आणि क्रियापद कुठेच नव्हतं. मी इंग्रजीचा मास्तर. पासपोर्टच्या अर्जापासून नातवाच्या नावाच्या स्पेलिंगपर्यंत सगळ्यासाठी लोक माझ्याकडे येत, त्यामुळे शोधनिबंधाचं मला काही नवल वाटलं नाही. मी विचारलं, “मॅडम, हे आहे काय?”

“रेशमाचा कोसा उकळला की त्याचा डिंक पाण्यात उतरतो सर. ते पाणी वाळवलं की पापुद्रा होतो. तो जखमेवर लावता येईल का, हे पाहून राहिले मी.”

“मग असंच लिहा ना.”

“असं लिहिलं तर छापतील का?”

मी लाल पेन उघडलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र जुन्या, अखंड जिल्ह्याचा नकाशा तसाच टांगलेला होता. तो उतरवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हे ठरलं नव्हतं. जिल्हा अर्धा झाला म्हणजे समारंभही अर्धे होतील, अशी माझी भाबडी समजूत होती. ते दुप्पट झाले. एकाच शालीसाठी आता दोन जिल्ह्यांचे प्रमुख पाहुणे उपलब्ध होते. त्याच सुमारास ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ नावाचा प्रकार आमच्याकडे आला. शेजारच्या राज्यातल्या बालाघाटहून एक प्राध्यापक आले की परिषद आंतरराज्यीय होई, आणि त्यांचा भाऊ परदेशात असला तर आंतरराष्ट्रीय. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या खोलीत अशा परिषदांची स्मृतिचिन्हं काचेच्या कपाटात मांडलेली होती. कपाट भरल्यावर त्यांनी दुसरं मागवलं.

मॅडम या सगळ्यात बसत नव्हत्या. माहेर सानगडीकडचं, धानाची शेती. सासर मोहाडीच्या बाजूला, कोसा विणणारं जुनं घर. नवरा वरठीच्या कारखान्यात पाळीवर. नोकरी तात्पुरती होती आणि पीएचडी झाल्याशिवाय ती कायम होणार नव्हती. पीएचडीची नोंदणी एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगून ठेवलं होतं की एक तरी निबंध चांगल्या ठिकाणी स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंधावर सही करणार नाही. म्हणजे सगळं येऊन त्या अडीच ओळींपाशी थांबलं होतं.

निबंधातला खरा जीव एका फोटोत होता. काचेच्या बशीत जिवाणू वाढवलेले, मध्ये पापुद्र्याचा तुकडा, आणि त्याच्याभोवती स्वच्छ, गोल, रिकामं कडं. त्या कड्यात एकही जिवाणू जगला नव्हता. मॅडम तो फोटो पर्समध्ये घेऊन फिरायच्या. बाकीच्या बायका मुलांचे फोटो दाखवतात तसा त्यांनी तो मलाही दाखवला. मीही, काही कळत नसताना, “छान आहे” म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून त्या इंग्रजीला कसंबसं उभं केलं. बसस्टँडसमोरच्या इंटरनेट कॅफेत बसून तो निबंध परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. शेजारच्या खुर्चीवर एकजण रेल्वेचा निकाल पाहत होता. वीज जाईल या धाकानं आम्ही तिघंही श्वास रोखून होतो.

बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. दोन परीक्षकांनी निबंध वाचला होता. पहिल्यानं दोन ओळींत कौतुक केलं होतं. त्यानं बहुधा शीर्षकच वाचलं असावं. दुसऱ्यानं सगळं वाचलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोशाच्या डिंकात जिवाणू मारण्याची एवढी ताकद इतर कुणाला दिसलेली नाही, तुम्हाला ती कशी दिसली? कोशांवर आधी काही प्रक्रिया झाली होती का? त्याच ढिगातले, कशाचाही स्पर्श न झालेले कोसे उकळून प्रयोग पुन्हा करावा.

मॅडम चिडल्या. “मी काय त्यात फिनाईल ओतलं का सर?”

पण परीक्षकाचं ऐकणं भाग होतं. त्याच ढिगातले कोसे घरी सासूबाईंच्या टोपलीत शिल्लक होते. रविवारी मी माझ्या स्कूटरवर त्यांच्या घरी गेलो, कारण उत्तराचा मसुदाही करायचा होता. सासूबाई ओसरीत हातमागाशेजारी बसलेल्या होत्या. मला त्या मास्तर म्हणायच्या. कॉलेजात शिकवणाऱ्याला सर म्हणायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

मॅडमनी आणखी थोडे कोसे मागितले. सासूबाईंनी टोपलीतले निवडून बाजूला काढले, आत जाऊन पितळेचं पातेलं आणलं, त्यात पाणी, पाण्यात मूठभर हळद. आणि निवडलेले सगळे कोसे त्यात बुडवले.

मॅडम जागच्या जागी उभ्या राहिल्या.

“मामीजी, हे काय करून राहिल्या?”

“काय म्हंजे? दरवेळी करतो तेच.”

“पण आपण तं एकाच कोशाले बोट लावतो ना हळदीचं?”

“इकाच्या मालाले एकाले. तुह्या कामाच्या समद्याले. परीक्षा हाये ना तुही?”

त्या घरातून कोसा बाहेर पडताना हळद लावूनच पडायचा. पोर सासरी जाते तसा. मॅडमना ते ठाऊक होतं. बोट लागलेला तो एक कोसा प्रत्येक वेळी त्या वेगळा काढून टाकायच्या आणि आपण काळजी घेतली असं समजायच्या. बाकीचे सगळे सासूबाईंनी मायेनं आधीच न्हाऊ घालून, सावलीत वाळवून, फडक्यात बांधून दिलेले असत. कोशाचा रंगच मुळात पिवळट-मातकट. त्यात हळद कुठे ओळखू यायला? सोड्यात उकळताना हळदीनं पाणी लालसर व्हायचं, तोही मॅडमनी कोशाचाच गुण मानला होता. तसं निबंधात लिहिलंही होतं. ‘लालसर’साठी चांगला इंग्रजी शब्द मीच सुचवला होता.

मॅडम मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. नंतर हसायला लागल्या. ते हसू मला बरं वाटलं नाही.

विभागप्रमुखांना कळलं तेव्हा त्यांना यात अडचण अशी काही दिसलीच नाही. “हळद तर उलट बरी. शीर्षकात घाला, आणखी एक ओळ वाढेल.” मग त्यांनी एक ई-मेल छापून दाखवला. ‘परमआदरणीय विद्वान’ अशी सुरुवात असलेला. शुल्क भरलं की आठवड्याच्या आत निबंध प्रसिद्ध, परीक्षकांचा त्रास नाही. “कायले मरून राहिल्या मॅडम? इथं टाका अन् मोकळ्या व्हा. माझे किती आले याच्यात.”

मॅडमनी तो कागद घडी करून फोटोच्या शेजारी पर्समध्ये ठेवला. काही दिवस ठेवला, हे मला माहीत आहे. एका दुपारी स्टाफरूममध्ये त्या आपणहून म्हणाल्या, “सर, इतक्या वर्षांत मी लिहिलेलं कोणी वाचलंच नव्हतं. मार्गदर्शक चाळतात. तुम्ही व्याकरण पाहता. हा कोण कुठला माणूस, त्यानं तिकडं बसून माझ्या सासूच्या हळदीपर्यंत हात पोचवला. त्याले उत्तर नाही दिलं तर कसं होईल?”

व्याकरणावरून मला थोडं लागलं. पण ते खरं होतं.

आता हवे होते हळद न लागलेले कोसे. आणि सासूबाई ते द्यायला तयार नव्हत्या. हट्ट म्हणून नव्हे. त्यांनी शांतपणे सांगितलं, “कोरा कोसा या घरातून एकदाच गेला पोरी. तुहे मामाजी गेले तवा त्यायच्यावर घातला तो. आता पुन्हा नाई.”

निघताना मी मॅडमना हळूच सुचवलं की टोपली काही कुलपात नसते.

“चोरून नेऊ? अन् पेपरात काय लिहू सर? कोसे लेखिकेने चोरून मिळवले?”

बाजारातले कोसे चालणार नव्हते, कारण परीक्षकानं त्याच ढिगातले मागितले होते. उत्तराची मुदत जवळ येत होती. मॅडमनी सासूबाईंपुढे विषय पुन्हा काढला नाही, पण जेवणही धड करत नव्हत्या, आणि हे सासूबाईंनी पाहिलं असणार. पुढच्या खेपेला मी गेलो तर त्यांनी मलाच धरलं.

“मास्तर, ते कोसे तुमाले लागतेत कायले? घालाले का इणाले?”

“नाही काकूजी. उकळायला. पाणी लागतं फक्त.”

“मंग पानीच न्या ना जी. उकळाले चूल का आमच्याकडं नाई? कोसा घरात राहीन. पान्याले कोन हळद लावते?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. कॉलेजातला तराजू, थर्मामीटर, सोडा आणि काचेची भांडी मी स्कूटरवर आणली. विभागप्रमुखांनी साहित्य बाहेर नेण्याची परवानगी ‘क्षेत्रीय अभ्यास’ या नावाखाली दिली आणि त्याचा फोटो काढून ठेवा म्हणाले. अंगणात चूल पेटली. सासूबाई लाकडं मागेपुढे करायच्या, मॅडम थर्मामीटर धरून “कमी करा, कमी करा” म्हणायच्या, आणि सासूबाई पुटपुटायच्या, “एवढं तं भातालेही कोनी नाई जपत.” पाणी या वेळी लाल झालं नाही. फिकट चहासारखं झालं. मॅडम त्याकडे बराच वेळ पाहत होत्या. उकळलेले कोसे सासूबाईंनी मोजून परत टोपलीत टाकले, एकही बाहेर गेला नाही.

काचेच्या बरण्या मांडीवर धरून मॅडम स्कूटरवर मागे बसल्या. वरठीच्या रेल्वे फाटकाशी गाडी गेली नव्हती म्हणून थांबलो, तर पाळी सुटलेल्या सायकलींची रांग आमच्याभोवती उभी राहिली. एकानं विचारलं, “काय हाये वहिनी, मध का?”

“पाणी,” मॅडम म्हणाल्या.

बशीत या वेळी कडं उमटलं नाही. पापुद्र्याच्या काठापर्यंत जिवाणू मजेत वाढले होते. मॅडमनी त्याचाही फोटो काढला.

उत्तरात त्यांनी सगळं लिहिलं. हळदीचे कोसे, कोरे कोसे, दोन्ही फोटो शेजारी शेजारी, आणि ताकद हळदीची आहे, कोशाची नाही, हा निष्कर्ष. शीर्षक एका ओळीत मावलं. संपादकांचा एकच प्रश्न आला: उकळण्याची क्रिया प्रयोगशाळेत न करता विणकराच्या घरी का केली? मॅडम म्हणाल्या, काही तरी तांत्रिक कारण लिहू. माझ्या आयुष्यात मी इंग्रजीच्या एकाच वाक्यासाठी भांडलो, ते हे. शेवटी ते असंच गेलं: कोरे कोसे घराबाहेर नेणं त्या घरच्या रीतीत बसत नव्हतं, म्हणून उकळण्याची क्रिया तिथेच केली. दुसऱ्या परीक्षकानं त्यावर शेरा मारला नाही. निबंध स्वीकारला गेला. मार्गदर्शकांनी सही केली.

आता सगळं ऑनलाइन आहे. निबंध ढिगानं निघतात, त्यांची संख्या नावापुढे लावतात. माझी स्कूटर विकली गेली, स्टाफरूममधला नकाशा एका रंगकामात नाहीसा झाला. मला मात्र अधूनमधून त्या चुलीचा धूर आठवतो, आणि त्यात मिसळलेला सोड्याचा वास.

निबंध छापून आला तेव्हा मॅडम त्याची प्रत घेऊन घरी गेल्या, मलाही नेलं. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. दोन फोटोंवर बोट ठेवलं.

“मंग काय निंगालं त्या पान्यातून?”

“काहीच नाही निघालं मामीजी.”

“काहीच नाई निंगालं, तेच छापलं?”

“हो.”

सासूबाईंनी फोटोंवरचं बोट काढलं. प्रत सुनेच्या हाती परत दिली.

“मंग खरं असन,” त्या म्हणाल्या, आणि मास्तरले चहा ठेव म्हणून सांगितलं.