कलीमचे दोनशे ग्राम

कचरूमामाची आणि माझी ओळख झाली ती भांडणातून. मी आष्टीच्या शाळेत नुकताच खेळशिक्षक म्हणून लागलो होतो. गावच्या कबड्डी स्पर्धेत माझ्या संघातला एक गडी त्याने वजन जास्त म्हणून उठवला. मी आवाज चढवला. कचरूमामा मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच बसा पारड्यात. तुमचंबी वजन सांगतो." माणसं हसली. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी स्पर्धा मंडळाचा चिटणीस आहे आणि कचरूमामा काट्यावर.

आमच्याकडची कबड्डी वजनाची. साठ किलोचा गट म्हणजे साठच. त्याच्या वरचा गडी मैदानात उतरू शकत नाही. म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत वजनं होतात. कचरूमामा परतूरच्या मोंढ्यात धान्य तोलणारा मापाडी, त्याचा बापही मापाडी होता. आता मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे आले, सोयाबीन आणि हरभरा त्याच्यावरच तोलतात. पण कबड्डीला कचरूमामा घरचा जुना तराजू आणतो. तीन बल्ल्या उभ्या करून त्यांना तो टांगतो. एका पारड्यात वीस-वीस किलोची तीन लोखंडी मापं, दुसऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला गडी. गड्याचं पारडं खाली गेलं की त्याला तासाभराची मुभा मिळते. तेवढ्यात घोंगडं पांघरून मैदानाला फेऱ्या मारायच्या, थुंकायचं, डोक्यावरचे केस उतरवायचे, काय वाट्टेल ते करायचं. तासानंतर पुन्हा पारड्यात. तेव्हाही खाली गेलं तर गडी घरी.

यात कचरूमामाने कुणाची भीड ठेवली नाही. सख्ख्या बहिणीच्या मुलाला शंभर ग्रामसाठी उठवलं. बहीण दोन वर्षं दिवाळीला आली नाही. तो म्हणाला, "न्हाई आली तर तिचा खर्चा वाचला." पण तिसऱ्या वर्षी स्वतःच जाऊन तिला घेऊन आला.

यंदा मात्र आमच्या सगळ्या कारभारात पाचर बसली. जालन्याचे राधेश्याम शेठ, सळईच्या कारखान्याचे मालक, आमच्या स्पर्धांना दरवर्षी ढाल द्यायचे. त्यांचं म्हणणं पडलं की आता मातीत कशाला खेळायचं, मॅट टाकू, दिवे लावू, जालन्यात खेळवू. आमचे अध्यक्ष रामराव मातीतले. ते म्हणाले, "शेठ, ढाल द्यायची असंल तर द्या, अक्कल नका देऊ." शेठ बैठकीतून उठले आणि सहा महिन्यांत स्वतःची लीग काढून मोकळे झाले. आठ संघ, प्रत्येकाला मालक, खेळाडूंची बोली, रंगीत कपडे, राहायला हॉटेल. आमचे चाळीस गडी एका आठवड्यात तिकडे गेले. पोरांना तरी काय नावं ठेवायची? आम्ही त्यांना एक ढाल आणि एक पंगत देत होतो.

पेपरात मी वाचलं होतं की तिकडे गोल्फमध्येही असंच झालं. पैसेवाल्यांनी वेगळी लीग काढली, जुन्या दौऱ्यातले नामांकित खेळाडू उचलले, आणि जुन्यांनी गेलेल्यांवर बंदी घातली. मी ते मंडळाच्या बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगितलं. माझी चूकच झाली. रामरावांनी बंदी तेवढी उचलली. लीगच्या मैदानात, स्टेजवर किंवा मांडवात जो पाय ठेवील त्याला दोन वर्षं बंदी, असं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून पत्र मीच लिहिलं.

लीगचा मुख्य चेहरा होता कलीम. परतूरचा, एकेकाळी आमच्या भागातला सगळ्यात चपळ गडी, आता तिकडचा मुख्य प्रशिक्षक. उद्घाटनाआधी त्याचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्यात तो म्हणत होता, "एका गावच्या खोट्या काट्यानं मला फायनल खेळू दिली न्हाई. आमच्या लीगमधे असं होणार न्हाई." मागे फलक होता, 'अचूक वजन, अचूक न्याय'. कुठलं गाव आणि कुणाचा काटा, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी आष्टीला त्या हंगामाची फायनल होती. कलीम तेव्हा एकवीसचा. सकाळी दहाला त्याचं पारडं खाली गेलं. तो उन्हात तासभर पळाला, डोक्याचा गोटा करून आला, पुन्हा बसला. कचरूमामाने दुसऱ्या पारड्यात छोटी मापं टाकून पाहिली. दोनशे ग्राम जास्त. कलीमचे वडील रहमतुल्लाभाई मुद्दाम सामना बघायला आले होते. पोराचा हात धरून ते निघाले आणि जाताना मोठ्याने म्हणाले, "काटाच खोटा असंल." कलीम त्यानंतर आमच्याकडे कधी खेळला नाही.

इथवर सगळ्या गावाला माहीत आहे. पुढचं फक्त मला माहीत होतं. त्यानंतर सव्वा महिन्याने मोंढ्यात सरकारी तपासणी झाली. लोखंडी मापाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन नेमकं केलेलं असतं. कचरूमामाच्या एका मापाचं ते शिसं निघून पडलेलं होतं. माप दोनशे ग्राम हलकं भरलं. माप हलकं म्हणजे समोरचा गडी उगाच जड दिसणार. त्या मापाने मोंढ्यात व्यापाऱ्यांना धान्य कमी गेलं असेल, त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. पण शिसं कलीमच्या आधी पडलं की नंतर? आधी पडलं असेल तर कलीम बरोबर साठ किलोचा होता, आणि कचरूमामाने त्याला विनाकारण घरी पाठवलं होतं.

माप त्याने लगेच दुरुस्त करून घेतलं. मला एकट्याला सांगितलं, बायकोला, द्वारकाबाईलाही नाही. "नंतरच पडलं असंल," मी म्हणायचो. "असंल," तो म्हणायचा. दरवर्षी आमचं हे एवढंच बोलणं व्हायचं. रहमतुल्लाभाई वारले तेव्हा तो मातीला गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि कलीमला न भेटता परत आला.

व्हिडिओ आल्यावर चार दिवसांनी शेठच्या माणसाचा फोन आला. उद्घाटनाला तो जुना तराजू स्टेजवर मांडायचा आहे, शेजारी नवा इलेक्ट्रॉनिक काटा. मामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, कलीमच्याच हस्ते. मला संताप आला. माणसाला बोलावून, शाल पांघरून, त्याचीच बेअब्रू करायची! मी म्हणालो, "मामा, बिलकुल जायचं न्हाई. वर बंदी येईल ती वेगळी."

"जायचं हाय," कचरूमामा म्हणाला. "स्टेजवर माइक देतील ना, गुरुजी?"

मग माझ्या ध्यानात आलं. तो सगळ्यांसमोर शिशाची गोष्ट सांगणार होता. मी म्हणालो, "आजवर उठवलेला एकेक गडी दारात येऊन उभा राहील. मंडळाचं नाव जाईल, तुमचं जाईल."

"येऊ द्या. माझा बाप ह्या तराजूवर जगला, मी जगलो. खोटं तोललं असंल तर तसं म्हणावं लागंल. त्या पोराचा बाप ते म्हणत म्हणतच गेला."

त्याला अडवणारा मी कोण? तराजू टेम्पोत गेला आणि आम्ही दोघे माझ्या मोटारसायकलवर. बंदीचं पत्र लिहिणारा चिटणीस बंदी घालायच्या माणसाला मागे बसवून सत्तर किलोमीटर घेऊन चालला होता.

एमआयडीसीजवळच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. स्टेजमागच्या खोलीत नवा काटा ठेवला होता आणि एक बाई फडक्याने त्याची पाटी पुसत होती. ती साजिया, कलीमची बायको. जालन्यातल्याच बियाण्यांच्या कारखान्यात पोती तोलायला तिची पंधरा वर्षं गेलेली, म्हणून लीगचा काटा तिच्याकडे दिला होता. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या. तेवढ्यात कलीम आला. सलाम केला, पण नजर दिली नाही.

कचरूमामा उभाच राहिला. "कलीम, माइकवर सांगणारच हाय, पण आधी तुला सांगतो. तू गेल्यावर सव्वा महिन्यानं माझ्या एका मापाचं शिसं पडलेलं सापडलं. दोनशे ग्राम कमी भरत होतं. कधी पडलं ते मला ठाऊक न्हाई. तुझ्या आधी पडलं असंल, तर तू साठात होतास आणि मी तुला उठवलं. अकरा वर्षं तोंड झालं न्हाई सांगायला. तुझ्या वडलांनाबी सांगितलं न्हाई." त्याने बाहीने डोळे टिपले.

कलीमने आता उसळायला हवं होतं. त्याच्या हातात आयता पुरावा आला होता. पण तो भिंतीकडे बघत राहिला. साजियाच्या हातातलं फडकं थांबलं.

"कसलं शिसं, मामा?" ती म्हणाली. "ह्यांचं वजन तर जास्तच होतं."

"साजिया!" कलीम म्हणाला.

"काय साजिया? म्हातारं माणूस रडायला आलं इथं, अन् तुम्ही भिंत बघून राह्यले?" ती आमच्याकडे वळली. "त्या दिवशी चार वाजता हे कारखान्यात आल्ते. आमचं लगीन व्हायचं होतं तवा. मी पोत्याच्या काट्यावर होते. मला म्हणले, ह्याच्यावर बघ, तो मापाडी कसा खोटा हाय ते. मी बघितलं. साठ किलो एकशे चाळीस. मोठ्यानं सांगितलं तर मला म्हणले, गप बस."

कचरूमामातला मापाडी आधी जागा झाला. "मधे काय खाल्लं-पिलं होतं?" त्याने कलीमला विचारलं.

कलीमने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "काय न्हाई, मामा. रागात गेल्तो, खेळायच्या चड्डी-बनियनवरच. काट्यावर चढेपर्यंत पाण्याचा घोटबी घेतला न्हाई."

"दहा-अकरापासून चारपर्यंत? उन्हात गाडी चालवत?"

"हो."

"उपाशी माणसाचं वजन घटतं, वाढत न्हाई," कचरूमामा हळूहळू म्हणाला. "चारला एकशे चाळीस जास्त, म्हणजे सकाळी त्याच्याहून जास्त. मंग तवा शिसं जागेवरच होतं." तो साजियाकडे वळला. "पोरी, पुन्हा सांग. किती?"

"साठ किलो एकशे चाळीस."

"पुन्हा."

"साठ किलो एकशे चाळीस, मामा. पक्कं."

तो खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रडायला लागला. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही. छातीवरचं पोतं कुणी तरी उचलून नेलं असं मला वाटलं, मग त्याला काय वाटलं असेल. साजियाने पाण्याचा ग्लास आणला. तो घेईना, नुसतं म्हणत राहिला, "बराबर होतं. माझं बराबर होतं."

मला मग कलीमचा राग आला. अकरा वर्षं! मी तोंडाला येईल ते बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, अब्बा सगळ्यांसमोर म्हणले काटाच खोटा. मी हो म्हणलो. घरी जाऊन त्यांना कसं सांगायचं की तुमचा पोरगाच खोटा हाय? ते गेल्यावर सांगावं म्हणलं, तर तोवर सगळ्यांना तेच पाठ झाल्तं. मलाबी."

"आधी म्हणायचं न्हाई का रे," कचरूमामा डोळे पुसत म्हणाला. त्यात राग नव्हता. मी असतो तर कानाखाली वाजवली असती.

स्टेजवर शेठचं भाषण झालं, नव्या काट्याला नारळ फुटला, शाल आली. कलीमने शाल पांघरली, वाकून मामांच्या पायाला हात लावला आणि माइक घेतला. "व्हिडिओत मी जे बोललो ते खोटं होतं," तो म्हणाला. "कचरूमामांचा काटा खरा होता. वजन माझंच जास्त होतं." मग मागच्या रांगेत एक गडी खो खो हसला, आणि हसू पुढे पुढे येत स्टेजपर्यंत पोचलं. कलीमही हसला. शेठनी एकदा आपल्या फलकाकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. दुसरं करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

बाहेर चहाच्या टपरीवरून मी रामरावांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते ऐकून गहिवरले, मग नाक शिंकरून म्हणाले, "पण लीगच्या स्टेजवर गेला ना? बंदी ती बंदी."

"मंग माझंबी नाव त्याच्या खाली लिहितो," मी म्हणालो. "मीच घेऊन आलो त्याला." आणि फोन ठेवून दिला. कचरूमामा बशीत चहा ओतत होता. मी त्याला सांगितलं, आपल्याला दोघांना दोन वर्षं सुट्टी. "सुट्टी तर सुट्टी," तो म्हणाला आणि बशीत फुंकर घालत दुसरा चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मी परतूरला मोंढ्यात गेलो. हरभऱ्याचे ढीग पडले होते, व्यापारी घड्याळ बघत होते, हमाल पोत्यांवर बसले होते, आणि मापाड्याचा पत्ता नव्हता. असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. साडेनऊ वाजून गेल्यावर कचरूमामा लगबगीने आला. टोपी वाकडी, डोळे सुजलेले. व्यापारी त्याच्यावर खेकसले.

मी जवळ जाऊन विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. डोळा लागला व्हता," तो ओशाळून म्हणाला. "द्वारकाबाईला म्हणलं, तू तरी उठवायचं व्हतंस. ती म्हणली, अकरा वर्षांनी नीट झोपलेलं बघून राह्यले, उठवू वाटंना."