गिरणीच्या पट्ट्याचा तिढा

लग्न होऊन मी धुळ्याच्या देवपुरातून अमळनेरजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा सासऱ्यांची पिठाची गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची. पुढे गावात लाइट आली आणि आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हौसेने मोटर बसवली. मोटरीच्या चाकावरून एक रुंद पट्टा जात्याच्या चाकावर गेलेला, भिंतीला स्टार्टर, त्यावर हिरवं आणि लाल बटण. बोटाने दाबलं की एवढं मोठं जातं फिरतं, याचं मला भारी अप्रूप. काम सोडून मी दारात उभी राहायची आणि सासूबाईंची बोलणी खायची.

पण पीठ काही धड येईना. जाडंभरडं आणि हाताला चटका बसेल इतकं गरम! एक बाई तर पिठाचा डबाच परत घेऊन आली. "ह्या पीठनी भाकर थापाले गई, ते बठ्ठी फाटी गई," म्हणाली. आबांनी छिन्नीने दगडाला टाकी लावून पाहिली, दगड वरखाली करून पाहिले, काही उपयोग नाही. लोक शेजारच्या गावी दळायला जाऊ लागले. शेवटी आबा म्हणाले, "लाइटमा दमच नही." येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत जमलं नाही तर गिरणी विकायची आणि माझ्या नवऱ्याने सुरतेला कापडगिरणीत जायचं, असं ठरलं. त्यासाठी पत्र्याची नवी पेटीही आली. ज्याच्या भरवशावर इथे आले तोच निघून जाणार, मग मी इथे काय करू?

गिरणी रोज मीच झाडायची. इंजिन होतं तेव्हा पट्ट्याने उडवलेलं पीठ दाराकडच्या भिंतीवर बसायचं. आता समोरची भिंत पांढरीफटक आणि दाराकडची कोरडी. असं कसं? जात्याच्या चाकाला मी चुन्याचं बोट लावून ठेवलं. लाइट गेली, चाक मंदावलं, तशी पांढरी खूण मला नीट दिसली. अगं बाई! चाकाची वरची कड पहिल्यासारखी दाराकडे येत नव्हती, दारापासून लांब पळत होती.

आता सांगायचं कसं? सुनेने सासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीतच नव्हती. नवरा अमळनेरला गेलेला. मी पदर ओढून सासूबाईंना म्हटलं, "आबांना सांगा, चाक उलटं फिरतंय."

"तुले काय समजस त्यान्हामा? चूल पाहा," त्या म्हणाल्या.

मी तिथेच उभी राहिले. हलेचना. आबा ओट्यावर बसले होते, त्यांनी ऐकलं. आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे. "पोरी, तूच सांग. कोनता बाजूले फिरस?"

"उलटं, आबा. इंजिनावर फिरायचं त्याच्या उलटं. भिंती बघा."

आबांनी दोन्ही भिंतींवरून हात फिरवला आणि कपाळावर मारून घेतला. दगडाच्या टाक्या, म्हणजे त्यावरच्या तिरक्या खाचा, एकाच बाजूने पीठ बाहेर ढकलतात, उलटं फिरलं की पीठ आतच रगडत राहतं. त्यांनी पट्टा उतरवला, मधे एक तिढा दिला आणि परत चढवला. आता मोटर उलटी फिरली तरी जातं सुलट फिरणार होतं. मी स्टार्टरजवळच उभी होते. "दाब," ते म्हणाले.

पीठ आलं ते मऊसूत.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि मोटरच्या तीन वायरींपैकी दोन नुसत्या अदलाबदल करून जोडल्या. तेवढ्याने मोटर उलटी फिरते म्हणे! आता पट्ट्याचा तिढाही काढून टाकायचा होता. वायरमन झाकण लावायला लागला तर आबा म्हणाले, "थांब. आधी तिले दाखाड."

बाजाराच्या दिवशी गिरणीपुढे डब्यांची रांग लागली. दळणाच्या बदल्यात मिळालेलं पीठ ठेवायला भांडी पुरेनात, तेव्हा सासूबाईंनी सुरतेची पेटी उघडली, नवऱ्याचे कपडे माझ्या हातात दिले आणि पेटी पुसायला घेतली.