फुंकरचा बोर्ड

समोरच्या सलूनवाल्याला मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. त्याचं दुकान आणि माझं दुकान समोरासमोर, मध्ये एक हातगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. तरी तो माझ्याशी जे काही बोलला ते बहुतेक माझ्या पाठीमागे उभा राहून. मी खुर्चीत, तो मागे, आणि आम्ही दोघं आरशात. त्याच्या भुवईवर एक जुनी खूण होती. ती नेमकी कुठल्या बाजूला, हे तो गेल्यावर त्याच्या मुलीने फोटो दाखवला तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी ती भलत्याच भुवईवर धरून चाललो होतो.

त्याच्याबद्दल शाळेच्या अंकात काही लिहा, असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मी पाट्या रंगवणारा माणूस, लोक सांगतात ते शब्द रंगवतो, माझे स्वतःचे असे शब्द नाहीत. बाई म्हणाल्या, "मग रंगवल्यासारखं लिहा." तेवढं तरी जमेल की नाही, कोण जाणे.

सगळी गल्ली त्याला फुंकर म्हणायची. केस कापून झाले की मानेवरचे बारीक केस तो ब्रशने झटकायचा नाही, फुंकर मारून उडवायचा. काही गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही. "अरे, ब्रश कशाला ठेवलायस मग?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "ब्रश दाखवायला आहे. फुंकर तुम्हाला आहे." आणि सगळे हसायचे. ह्यात एवढं हसण्यासारखं काय, हे मला कधी कळलं नाही. मी तेच वाक्य एकदा घरी म्हणून पाहिलं, तर बायको म्हणाली, "बरं मग?"

माझं काम असं की गल्लीकडे पाठ करून बसावं लागतं. उजेड मागून यायला हवा, नाहीतर ओला रंग चमकतो आणि अक्षराची कड दिसत नाही. तेव्हा दिवसभर मी भिंतीकडे तोंड करून एखाद्या अक्षराचा पोटातला गोल सांभाळत असायचो, आणि पाठीमागून समोरच्या दुकानातलं हसणं ऐकू यायचं. लोकांच्या हशाला दाराची कडी नसते. माझ्याकडे येणारा माणूस माप सांगायचा, रंग सांगायचा आणि जायचा. त्याच्याकडे येणारा केस कापून झाले तरी उठायचा नाही. टक्कल पडलेलेसुद्धा जाऊन बसायचे. माझी नात त्याला "हसरे आजोबा" म्हणायची. मला नुसतंच "आजोबा". ती गल्लीत आली की आधी त्याच्या दुकानात शिरायची, गोल फिरणाऱ्या खुर्चीत दोन फेऱ्या मारायची आणि मग माझ्याकडे.

मला हेवा वाटायचा. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

तर शाळेची गोष्ट. आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर चित्रकलेची खोली आहे. उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, तिरप्या फळ्यांची आणि कडेला वाटीपुरती खाच असलेली टेबलं, कोपऱ्यात ब्रश धुवायची मोरी, आणि त्या मोरीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या रंगांचे डाग. मी अक्षर काढायला तिथेच शिकलो. नात पाचवीत गेली तेव्हा बातमी आली की ती खोली मधोमध पार्टिशन घालून ऑफिसला द्यायची, आणि चित्रकला आपापल्या वर्गात, साध्या बाकावर. बाकावर पाण्याची वाटी ठेवायला जागा नसते. पण हे मंडळाला कोण सांगणार? शाळेच्या मंडळात पालक आणि आजी-आजोबांमधून निवडून द्यायची एक जागा होती, आणि तिची निवडणूक जवळ आली होती.

मी उभं राहावं असं माझ्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही मनात आलं होतं, त्यामुळे ते कुणाला सांगायची लाज वाटत होती. बायकोलाही नाही सांगितलं. सांगितलं ते फुंकरला, कारण मानेवर वस्तरा असताना माणूस जरा मऊ होतो.

"उभा राहा की," तो आरशातून म्हणाला. "पेंटर, तू एकदम योग्य माणूस आहेस."

"मला बोलता येत नाही रे."

"तू नको बोलूस. मी आहे ना. इथे बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो."

आणि त्याने खरंच सांगितलं. ती खोली कशी आहे, खिडक्या कुठे, मोरीवरचे डाग, बाकावर वाटी कशी सांडते, सगळं. मी त्याला सांगितलं होतं तसंच, फक्त त्याच्या तोंडून. मी पाठ करून रंगवत होतो आणि माझीच गोष्ट मागून ऐकत होतो. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं म्हणतात. इथे तर गहू माझे होते आणि गल्ल्यावर तो बसला होता.

एका दुपारी तो गल्ली ओलांडून माझ्या दुकानात आला. असा तो फारसा यायचा नाही. हातात कंगवा तसाच.

"पेंटर, एक घोटाळा झालाय."

"काय?"

"मी तुझं सांगत होतो. तर लोक म्हणायला लागले, तुझाही नातू त्याच शाळेत आहे, तूच का नाही उभा राहत? आधी मी हसण्यावारी नेलं. आता कुणीतरी माझा अर्जच भरून आणलाय. तू रागावशील तर फाडून टाकतो."

"मी कशाला रागावू?" मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"तू मागे घेणार आहेस का?"

"नाही," मी म्हणालो. माझा मलाच धक्का बसला.

"उत्तम. मग मजा येईल." तो जायला निघाला आणि दारात वळला. "माझा बोर्ड मात्र तूच रंगवायचा हं. दुसऱ्याकडे जाणार नाही मी. त्यावर लिही, 'मुलांची डोकी मला ठाऊक आहेत.'"

तो गेला. बायको आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "वाक्य चांगलं आहे भावजींचं." तेवढं बोलून ती आत गेली.

आता मी काय केलं ते सांगतो. त्याचा बोर्ड वाईट रंगवायचा, असं मी ठरवलं होतं. फार नाही, थोडासा. अक्षरं जरा दाटीवाटीने बसवायची, लाल रंग जरा मळका घ्यायचा, म्हणजे लांबून नीट उठणार नाही. फळी घासली, अस्तर दिलं, दोरीने रेघ मारली आणि ब्रश उचलला. पण हाताला इतकी वर्षं जी सवय लागली होती तिने माझं ऐकलं नाही. "मुलांची" मधला उकार खाली लोंबायला लागला की हात आपोआप त्याला वर उचलायचा. "डोकी"ची वेलांटी कमी पडली तर पुसून परत काढायचा. गिऱ्हाइकाचा बोर्ड तो गिऱ्हाइकाचा बोर्ड. शेवटी मी एका मोठ्या कामासाठी राखून ठेवलेला शेंदरी डबाही फोडला. अक्षरांना पिवळी कड दिली, त्यामागे काळी सावली दिली. वाळायला भिंतीशी उभा केला तेव्हा गल्लीच्या टोकावरून येणारा माणूस चालता चालता थांबला.

मग मी माझा बोर्ड काढायला घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं हातभर उंचीची काढली, पण स्वतःचं नाव तेवढं काढायला धीर होईना. एवढं मोठं बरं दिसणार नाही म्हणून थोडं लहान केलं, मग अजून थोडं. रंगही निळसर राखाडी घेतला, कुणाच्या डोळ्यात भरू नये असा. आणि मजकूर होता चित्रकलेच्या खोलीबद्दल, खिडक्यांपासून मोरीपर्यंत, सगळी हकिगत, स्वल्पविरामांसकट.

बायकोने कमरेवर हात ठेवून तो वाचायचा प्रयत्न केला. "अहो, हे वाचायला माणसाला चष्मा लागेल आणि रजाही काढावी लागेल."

"माझं म्हणणं त्यात आहे."

"आहे ना. त्यात आहे, बाहेर दिसत नाही."

दोन्ही बोर्ड शाळेच्या फाटकाशी शेजारी शेजारी लागले. येणारे-जाणारे त्याच्या बोर्डासमोर थांबायचे आणि विचारायचे, "कुणी रंगवला हो हा?" मी तिथे उभा असलो तर सांगायचो. मग ते म्हणायचे, "वा," आणि माझ्या बोर्डावरून नजर तशीच पुढे जायची. माझ्याच कामाने मला झाकून टाकलं होतं. ह्यात कुणावर रागवायचं हेही मला ठरवता येईना, म्हणून मी त्याच्यावर रागावलो.

शाळेच्या सभागृहात दोघांनी बोलायचं होतं. मी कागद नेला होता. आधी मी तो टेबलावर ठेवला, तिथून अक्षरं दिसेनात, म्हणून परत उचलला. मागून कुणीतरी "आवाज, आवाज" म्हणालं. मी पाणी प्यायलो आणि खाली बसलो. माझं संपलं आहे हे लोकांना जरा उशिराच कळलं.

फुंकर उठला. त्याने आधी मुलांच्या डोक्यांबद्दल सांगितलं, परीक्षेच्या दिवसांत कुणाचे केस कसे ताठ होतात वगैरे. मग म्हणाला, "आता पेंटर काय म्हणत होता ते ऐका, कारण तो बरोबर बोलत होता." आणि त्याने माझी खोली परत सांगितली. खिडक्या, तिरप्या फळ्या, मोरी. लोक हसत होते, मग गप्प झाले, मग टाळ्या. माझी बायको माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. मी तिच्या हातांकडे पाहिलं तेव्हा तिने ते मांडीवर ठेवले.

निकाल सांगण्यासारखा नाही. तो निवडून आला, आणि चांगलाच आला. घरी येताना मी बायकोला विचारलं, "तू कुणाला दिलंस?"

"तुम्हालाच," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मी पुढे विचारलं नाही.

निवडणूक झाल्यावर मी माझा बोर्ड घासून त्याच फळीवर एका पिठाच्या गिरणीचं नाव काढलं. त्याने मात्र त्याचा बोर्ड शाळेतून आणून सलूनच्या दारावर टांगला. "एवढं सुंदर काम फेकायचं कसं?" असं म्हणाला. त्यामुळे दुकान उघडलं की माझ्यासमोर पहिला तोच. शेंदरी अक्षरं, पिवळी कड, काळी सावली. वर्षानुवर्षं. ते अक्षर चांगलं आहे हे मला रोज कबूल करावं लागायचं.

खोलीचं पुढे काय झालं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते कळलं बाईंकडून. खोलीच्या दारावरची पाटी नव्याने रंगवून घ्यायला त्या आल्या होत्या.

"म्हणजे खोली राहिली?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही? पहिल्याच बैठकीला त्यांनी हट्ट धरला की बैठक चित्रकलेच्या खोलीतच घ्या. सगळे तिरप्या टेबलांवर बसले. चहाचे कप घसरायला लागले. पार्टिशनचा विषय निघाला तसे हे म्हणाले, 'ह्याच खोलीत शिकलेल्या माणसाने माझा बोर्ड रंगवला म्हणून मी इथे बसलोय. पुढच्या निवडणुकीत तुमचा बोर्ड कुणाकडून रंगवून घेणार आहात?' सगळे इतके हसले की अध्यक्षांनी पार्टिशनच्या ठरावाचा कागदच बाजूला ठेवला. परत काढला नाही."

बाईंना वाटलं मला आनंद होईल. झालाही असेल. खोली वाचली, नात तिथेच बसून रंगवायला शिकली, तिचा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे. पण त्या वेळी जे वाटलं ते आनंदासारखं नव्हतं. मी ज्यासाठी झोप घालवली, कागद लिहिले, सभागृहात पाणी प्यायलो, ते त्याने चहाचा कप घसरता घसरता करून टाकलं. आणि त्यात माझं कौतुक घालून ठेवलं, म्हणजे त्याच्यावर धड चिडायचीही सोय ठेवली नाही.

मी ती दाराची पाटी रंगवून दिली. आभार मानायला समोर जावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण त्याच्या दुकानात नेहमी कुणीतरी बसलेलं असायचं.

पुढे छापील बोर्ड आले आणि माझं काम आटत गेलं. गल्ली तशीच त्याच्याकडे हसत राहिली. एका सकाळी शटर वर करताना तो खाली बसला तो उठलाच नाही. मी समोरच होतो, पण पाठ करून. शटर अर्ध्यावर थांबल्याचा आवाज ऐकला आणि वाटलं, अडकलं असेल.

आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्ड त्याच्या मुलीने नेला. समोरची भिंत मोकळी झाली आहे, आणि सकाळी तिकडे बघायची सवय अजून जात नाही.

तो गेला त्याच्या आदल्याच आठवड्यात मी केस कापायला गेलो होतो. दुकानात कधी नव्हे ते कुणीच नव्हतं. त्याने चादर गुंडाळली, पाणी मारलं, कात्री चालू केली. मग तो आरशातून दाराकडे बघत म्हणाला,

"पेंटर, माझ्या बोर्डाचा रंग उडायला लागलाय."

"उन्हात टांगलास म्हणून."

"परत मारशील?"

"बघू. ह्या आठवड्यात जरा काम आहे."

"काही घाई नाही," तो म्हणाला. "मान खाली घे."