अंगठ्याचा खळगा

सफ्रू गावातल्या आमच्या गल्लीत पीठ घरी मळायचं आणि पाव भाजायचे ते अल्लालच्या भट्टीत. गोल पाव फळीवर मांडून, फडक्यानं झाकून आम्ही पोरी ती फळी डोक्यावरून न्यायचो. पावांवर खूणबिण कुणी करत नसे. कुठला पाव कुणाचा हे भट्टीवाल्यानं नुसतं बघून ओळखायचं, नाहीतर तो भट्टीवाला कसला, असं आमच्या आयांचं मत.

अल्लालला मात्र दिसेनासं होत चाललं होतं. जन्मभर भट्टीच्या तोंडात डोकावून डोळे गेले बिचाऱ्याचे. भट्टी होती हाजी मेक्कींची. त्यांना कळलं असतं तर त्यांनी दुसरा माणूस बसवला असता आणि ही बापलेक रस्त्यावर आली असती. म्हणून अल्लालनं नऊ वर्षांच्या लेकीला, तामोला, पाव ओळखायला भट्टीशी उभं केलं. तामो माझी मैत्रीण, म्हणजे व्हायला हवी होती. दोरीवरच्या उड्या खेळायला ती कधी आलीच नाही.

अल्लालची शिकवण भलतीच कडक. पाव चुकीच्या फळीवर गेला तर तो ओरडायचा नाही. ज्यांचा पाव गेला त्यांच्या घरी स्वतःच्या घरचा पाव पाठवायचा आणि म्हणायचा, "आज नुसत्या चहावर झोपायचं, पोरी. पोटात कावळे ओरडले की आठवेल लल्ला बतूलचा पाव कसा दिसतो." मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो. पण तोही तिच्याबरोबर उपाशीच झोपायचा, हेही सांगायला हवं.

ईदच्या आदल्या दिवशी भट्टीपुढे झुंबड उडाली होती. नेमके हाजीही घरचे पाव न्यायला स्वतः आले. अल्लालनं लांब फावड्यानं पाव बाहेर ओढले आणि तामोचा चेहरा उतरला. प्रत्येक पावाच्या मधोमध अंगठ्याएवढा खळगा. सगळे सारखे.

झालं होतं असं, की अल्लालचं गुपित प्रत्येक बाईला कधीचंच कळलं होतं. पोरीला मदत म्हणून प्रत्येकीनं, दुसरीला पत्ता लागू न देता, आपल्या पावांवर अंगठा दाबला होता. माझ्या आईनंसुद्धा.

"हा उपद्व्याप कुणाचा?" तामोनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"तुला सोपं जावं म्हणून खूण केली गं," लल्ला बतूल, म्हणजे बतूलबाई, पुटपुटली.

"तुमचा पाव एका बाजूला कलतो, लल्ला. त्याला खूण कशाला?" मग ती एकेका बाईकडे वळत गेली. "आणि हा तुमचा, मीठ कमी म्हणून रंग येत नाही. हा तुमच्या सुनेनं मळलाय, रागात होती वाटतं, गाठी तशाच आहेत."

बघता बघता फळ्या भरल्या. बायका लाजल्या, हसल्या, सून तेवढी फणकारली.

"आणि माझा कुठला?" हाजींनी विचारलं.

"सगळ्यांत लहान असतो तो, हाजी."

सगळी गल्ली खो-खो हसली. हाजी जरा उशिरा हसले. मग म्हणाले, "अल्लाल, तुला दिसत नाही हे मलाही ठाऊक होतं. तुझ्या जागी कुणाला बसवावं, एवढंच ठरत नव्हतं. ते आज ठरलं. ही पोरगी आहे तोवर भट्टी तुमचीच."

अल्लालनं फावडं भिंतीला टेकवलं आणि बाहीनं डोळे पुसले. "जा, पोरी," तो म्हणाला, "आज खेळ."

तामो बाहेर आमच्या दोरीपाशी आली. आम्हाला खूप आनंद झाला. तिनं आमच्याकडे नीट निरखून बघितलं, उंच पोरींना मागे धाडलं, बुटक्यांना पुढे ओढलं, एकीची वेणीही सारखी केली.

"आणि तू?" मी विचारलं.

"तुम्ही खेळा," तामो म्हणाली. "मी लक्ष ठेवते."