फांदीचोर संजू

माझा भाऊ चोर होता.

आज वर्ष झालं त्याला जाऊन, आता स्पष्ट बोलायला हरकत नाही. नंदुरबारात ज्यांच्या कंपाउंडमधली जास्वंदीची फांदी कधी गायब झाली असेल, त्यांनी समजून घ्यावं. तो आमचा संजू. रिक्षावाला.

सीटखाली ब्लेड आणि ओलं फडकं कायम. पॅसेंजर उतरून सुट्टे शोधेपर्यंत ह्याचं काम झालेलं असायचं.

मी म्हणायची, "आरे, मांगी ले ना. कोण नही म्हनी?"

"आक्का, मांगेल फांटी लागत नही. चोरेलच लागस."

आणि लागायची, काय सांगू! पेन्सिलीएवढी फांदी, खाली तिरपा काप, पानं काढून ओलसर वाळूत, सावलीला. मग तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

तेवढंच मला जमत नाही. मी सारखी उपटून बघायची, मुळं फुटली का. तो कपाळाला हात लावायचा.

"आते तुले उपटीसन दखू का, काय फुटनं ते?"

नवापूरला मुलगी बघायला गेलो, तिथेही ह्याने सोडलं नाही. पोहे झाले, चहा झाला, मोठी माणसं बोलत बसली आणि हा अंगणात. परत येताना खिशात पिवळ्या जास्वंदीची फांदी. मला वाटलं, गेलं स्थळ.

शोभाने खिडकीतून सगळं बघितलं होतं. तरी तिने होकार दिला.

लग्नानंतर मी विचारलं, चोराला हो कशी म्हणालीस गं?

"हात थरथरी ऱ्हायनता त्यास्ना. तरी बी फांटी तिरपीच कापी."

ती जास्वंद मग रिक्षापेक्षा लाडकी झाली. उन्हाळ्यात तिच्यावर रिक्षाची जुनी ताडपत्री. पिठ्या ढेकूण दिसला की मिरची-लसणाचं पाणी, आणि मग अख्खी गल्ली शिंकत बसायची. पावसाळ्याआधी इतकी छाटायचा की शोभा दिवसभर बोलायची नाही. नंतर पिवळीजर्द फुलायची, मध्ये गडद लाल ठिपका.

मागच्या वर्षी स्टँडवरच छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं.

भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना जास्वंदीला तांब्याभर पाणी घालायचा. संजूचं झाड ना. मीही घालायची. शोभाही घालायची. कोणी कोणाला विचारलं नाही.

कुंडीत चिखल झाला. पानं पिवळी पडली. खोड बुडाशी मऊ झालं.

प्रेमाने मारलं आम्ही ते झाड.

शोभाच्या माहेरचं तर नवीन घर बांधताना कधीच तोडलं होतं. म्हणजे तो पिवळा रंग आता कुठेच नाही.

पूर्ण वाळायच्या आधी मी फांद्या लावून बघितल्या. शोभाला विचारून, रीतसर. आणि रोज उपटून बघितल्या. एक लागेल तर शपथ. फार राग आला संजूचा. मेल्यावरही स्वतःचंच खरं केलं त्याने.

आज सकाळपासून पाय ठरत नव्हते. फोटोला झेंडूचा हार घातला, नीट केला, परत नीट केला. मग रिकाम्या कुंडीकडे. मग दाराशी. मग परत कुंडीकडे.

"आक्का, बठ ना एक जागे," शोभा म्हणाली.

कशी बसू?

तेवढ्यात युसूफभाई आले. स्टँडवर संजूच्या शेजारी रिक्षा लावायचे ते. वर्षभर ह्या गल्लीत फिरकले नव्हते. इतकी दोस्ती आणि साधी विचारपूस नाही, म्हणून मी मनातून चिडलेच होते.

दारातच उभे राहिले. आत येईनात.

"आक्का, मयतना दिन मी तुमना घर चोरी करी."

मला काही कळेना. त्यांनी रिक्षातून कुंडी उतरवली.

पिवळी जास्वंद. एक फूल उघडलेलं, खाली कळ्या.

"तुमी सम्दा त्याले आंघोळ घाली ऱ्हायनतात, तव्हय मी फांटी मोडी. मांगतू त लागती नही. मंग तोंड दखाडाले लाज वाटे."

मी तिथेच, दारात, मोठ्याने रडले.

शोभा पुढे झाली. "भाऊ, एक फांटी द्या."

"देवाव नही," युसूफभाई म्हणाले. आणि आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसले.

"आक्का, च्या आण. पाठमांगनं माले काही दखात नही."

वर्षभरात पहिल्यांदा हसली शोभा. आत जाऊन संजूचं ब्लेड घेऊन आली.

तिचा हात थरथरत होता. फांदी तिरपीच कापली.

वाळूत लावली आहे. हे टाईप करता करता मी तिथे जाऊन आले. पण हात लावला नाही रे, खरंच.

चोरा, भावपूर्ण श्रद्धांजली तुला.