व्याह्यांची पिकअप

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. ऐंशीच्या दशकात मी सांताक्रूझ पूर्वेला सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबर आली की वाकोल्याच्या वळणावर मासळीच्या पिकअपचा मागचा फाळका निखळला आणि पाट्यांना टेकून बसलेली कोळीण रस्त्यावर फेकली गेली. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं. गाडी तिचा नवराच चालवत होता.

त्याला मी समोर उभा केला. "वेग किती होता?"

"लय व्हता, साएब. माझीच चूक."

आरोपी इतक्या झटपट कबूल झाला की पोलिसाने सावध व्हायचं असतं. मी मात्र खूश होऊन जबाब लिहायला घेतला.

तेवढ्यात माझा एक नेहमीचा खबऱ्या आला. तो गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा. आवारातली पिकअप त्याने बोटाच्या पेराने ठोकली आणि म्हणाला, "साहेब, आवाज ऐका. पत्रा आहेच कुठे? नुसती लांबी भरलीय." लांबी म्हणजे रंगाखाली खड्डे बुजवायला भरतात ती पुट्टी. मी फाळक्याच्या बिजागरीपाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. खाऱ्या पाण्याने पत्रा आतून पार खाल्ला होता. वर निळा रंग मात्र नव्या नवरीसारखा.

"गाडी कुणाकडून घेतलीस?" मी कोळ्याला विचारलं. त्याने तोंड फिरवलं. "बांगडा घेताना ताजा आहे का ते कल्ला उघडून बघता ना तुम्ही लोक? मग गाडी घेताना ठोकून नाही बघितलीस?" "माझीच चूक, साएब," तो पुन्हा तेच म्हणाला. माझा पारा चढला. "दारू प्यायला होतास का रे?" सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असा मी ओरडलो.

त्याने हात जोडले. "हां साएब. तसाच लिवा."

"बाबा दारूला शिवत नाय!"

दारात त्याची लेक उभी होती. आईला इस्पितळात बघून बापाचा डबा घेऊन आली होती. "गाडी माझ्या सासऱ्यांनी विकलीय त्यांना."

"बाय, तू गप ऱ्हा!" बाप कळवळला.

"नाय ऱ्हाणार. लांबी भरली ती आमच्याच अंगणात. मी बघत व्हते. घर मोडेल म्हणून बोलले नाय." एवढं बोलून तिने तोंडाला पदर लावला आणि खाली बसली.

मग बापाला कंठ फुटला. "व्याह्यांनी गाडी दारात आणून लावली, साएब. आत चहा चाललेला. पोर ज्यांच्या घरात दिली त्यांच्या गाडीचा पत्रा ठोकून बघू? पोरीला जल्मभर ऐकाया लागला असता."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तिने एका बाईचं कंबरडं मोडलं होतं, आणि तिच्याच नवऱ्याला मी भर ठाण्यात दारुडा ठरवला होता. लेकीसमोर मला धड उभं राहवेना.

संध्याकाळी व्याह्यांना आणलं. आधी त्यांनी आवाज चढवला, "मला काय ठाऊक?" सुनेचा जबाब वाचून दाखवला तसे ते उतरले. जमिनीकडे बघत म्हणाले, "बाहेरचं गिऱ्हाईक वाकून बघतं. व्याही बघणार नाहीत, हे ठाऊक होतं."

नोकरीत मी अट्टल चोर पाहिले, पण इतक्या थंड डोक्याने कुणी दुसऱ्याची लाज वापरलेली पाहिली नाही. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. जबाबातली दारू मी खोडली, पण ओरडलो होतो ते कुठून खोडणार?

निवृत्त झाल्यावर एकदा अंधेरीच्या बाजारात गेलो, तर आईच्या जागेवर तीच लेक मासे घेऊन बसलेली. सासर तेव्हाच सुटलं होतं. तिने मला लगेच ओळखलं. मी ओशाळून म्हणालो, "दे एक पापलेट, तुझ्या मनाने."

तिने पापलेट उचलून माझ्यापुढे धरलं. "तसा नाय घ्यायचा, साएब. कल्ला उघडून बघा. लाजू नका."

मी वाकलो, कल्ला उघडून बघितला. तिच्याकडे मात्र मला बघवलं नाही.