ताईची झोप

माझी ताई शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट शेवटच्या टेबलावर तिच्यापुढे यायचा. ती कॉलर उलटायची, काजं बोटानं चाचपायची, एकेक बटण ओढून बघायची, आणि काही चुकलं असेल तर खडूची फुली मारून शर्ट मागे पाठवायची. त्या फुलीला अख्खा कारखाना टरकून असायचा. एका लग्नात तर कहरच केला बाईनं. चर्चमध्ये पाळकसाहेब नवरानवरीकडून वचनं वदवून घेतायत, आणि ही पहिल्या बाकावरून उठली, नवरदेवाच्या खांद्यावरचा लोंबता दोरा तोडला आणि परत जागेवर येऊन बसली. मी ओळखच दाखवली नसती, पण सख्खी बहीण पडले ना.

घरात आम्ही तिघी. ताई, मी आणि तिची मुलगी चिमी. नाव ऐकून कुणाला वाटेल एवढीशी पोर असेल, पण माझ्याहून उंच होती. लहानपणी ताप मेंदूत गेला, तेव्हापासून तिला झटके यायचे. बोलायची नाही. बादलीत पाणी पडायला लागलं की मात्र खुदुखुदु हसायची, म्हणून आम्ही उगाचच नळ सोडायचो.

भावजी गेले ते झोपेत. ताई शेजारीच गाढ झोपलेली. सकाळी चहाला हाक मारली तर अंग गार पडलेलं. भेटायला येईल त्या प्रत्येकाला ताई एकच वाक्य सांगायची, "मी झोपले आणि हे गेले." रडली नाही, काही नाही, नुसतं ते वाक्य. मला पाठ झालं होतं. शेवटी शेवटी तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा ते ऐकून.

तेव्हापासून तिनं झोपणंच सोडलं. चिमीच्या पलंगाला लागून खुर्ची ओढायची आणि चिमीच्या छातीवर हात ठेवून बसायचं. हात काढला की पोरगी जाणार, हे डोक्यात बसलं ते बसलं. डुलकी लागली तर स्वतःलाच चिमटा काढायची, दंडावर हिरवेनिळे डाग असायचे. दिवसा ती कारखान्यात गेली की चिमीपाशी मी. बटणं लावायचं काम मी घरीच आणायचे. ताई निघताना बजावायची, "हात काढू नकोस." मी म्हणायचे, "आणि बटणं काय पायानं लावू?" तिला हसू यायचं नाही. त्या काळात तिला कशाचंच हसू यायचं नाही.

रविवारी चिमीला चाकाच्या खुर्चीत बसवून ती चर्चला न्यायची, आणि तिथेही हात छातीवरच. मी उपासनेला कधीच जात नसे, मी घरी. पाळकसाहेब भला माणूस. म्हणायचे, "बाई, सगळा भार प्रभूवर टाका आणि विसावा घ्या." ताई मान डोलवायची. घरी आल्यावर ते मला सांगायची, तेव्हा मी म्हणायचे, "टाका म्हणायला त्यांचं काय जातंय? रात्री येऊन बसतात का?" त्यावरही ती मान डोलवायची.

मग तो शर्ट आला. दोन्ही बाह्या डाव्या असलेला शर्ट ताईच्या टेबलावरून पास होऊन गेला, ताईच्या! पॅकिंगमधल्या बायकांनी तो सुपरवायझरला घालून बघायला लावला म्हणे, आणि हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची. कुणी तिला बोललं नाही. उलट सुपरवायझर म्हणाला, "चला, बाई पण माणूसच निघाल्या."

संध्याकाळी ताई घरी आली ती चपला न काढताच चिमीच्या पलंगावर बसली. म्हणाली, "मी बघितला होता गं तो शर्ट. हातात घेऊन, दोन्ही बाह्या पसरून बघितला. डोळे उघडे होते. पण मला कळलंच नाही."

"असू दे. एक शर्ट."

"शर्टाचं नाही म्हणत मी. म्हणजे रात्री मी अशीच बसते की काय? डोळे उघडे नि आत कुणीच नाही? चिमीला काही झालं असतं तरी मला कळलं नसतं. इतकी वर्षं मला वाटतंय, मी राखतेय हिला. मी कुठे राखतेय?"

मी चहा टाकायला आत गेले. आतूनच ऐकलं. ती मोठ्यानं बोलत होती, शेजारणीशी बोलावं तसं. "माझ्यानं होत नाही रे देवा आता. ही तुझीच होती. मीच उगाच धरून बसले. तू बघ हिच्याकडे. ठेवलीस तरी तुझी, नेलीस तरी तुझी." मी बाहेर आले, तर तिनं हात चिमीच्या छातीवरून काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला होता. हात परत तिकडे जायला बघत होता. पण तो तिथेच ठेवला तिनं.

मी भडकले. "म्हणजे काय? टाकलीस पोरीला?"

"टाकली नाही. दिली."

"नेलीस तरी तुझी? जीभ कशी रेटली गं तुझी?"

"रेटली नाहीच. एकेक शब्द ओढून काढावा लागला," ती म्हणाली, आणि चिमीच्या पायाशी आडवी झाली. चहा गार झाला. चपला मीच काढल्या तिच्या.

त्यानंतर ताई झोपत सुटली. त्याला दुसरा शब्दच नाही. जेवताना झोपायची, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपायची. चिमीचं करणं काही सुटलं नव्हतं, अंघोळ, भरवणं, औषधं सगळं वेळच्या वेळी. फक्त ते झालं की हात बाजूला आणि डोळे मिटलेले. आनंदी दिसायची म्हणाल तर तसंही नाही. ओझं उतरल्यावर खांदा बधीर होतो, तशी होती. मी मात्र धास्तावलेली. बोलून बसली होती ना ती.

एका रविवारी लिफ्ट बंद पडली. चिमीला खाली नेणार कसं? ताई म्हणाली, "तू आहेस ना हिच्याजवळ? मी जाऊन येते." एकटी गेली. मी चिमीचं डोकं मांडीवर घेऊन तिची वेणी घालायला बसले. झटका आला नाही, घरघर नाही. श्वास घेतला, सोडला, आणि पुढचा घेतलाच नाही. मी हाका मारल्या, छाती दाबली. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी बघितलं आणि माझ्या हातातला कंगवा काढून घेतला. त्यांच्या बायकोला चिमीजवळ बसवून मी चर्चला गेले.

उपासना संपली होती, बाकं रिकामी झालेली. शेवटच्या बाकावर ताई झोपलेली, उशाला पाळकसाहेबांच्या बायकोची घडी केलेली शाल. पाळकबाई हळूच म्हणाल्या, "प्रवचन चालू असतानाच लागली झोप. उठवावंसं वाटेना." मनात आलं, हिला गदागदा हलवावं आणि ओरडावं. ओरडायचं कुणावर, ते कळेना. मी शेजारी बसून राहिले.

तिला आपणहून जाग आली. मी, आणि चर्चमध्ये! तिनं मला बघितलं आणि समजली.

"चिमी?"

"गेली गं."

"झटका?"

"नाही. वेणी घालत होते मी. नुसती थांबली."

आता ते वाक्य येणार. आता आणखी इतकी वर्षं मी ते ऐकणार.

"मी झोपले होते," ताई म्हणाली.

मी वाट बघत राहिले. पुढचं आलंच नाही. तिनं शाल उलगडली, पुन्हा घडी घातली, पाळकबाईंना दिली. मग म्हणाली, "दिली होती मी. त्यानं नेली." आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना, "मला काहीच वाटत नाहीये गं. वाटायला हवं ना?"

"मलाही काही वाटत नाहीये," मी म्हणाले. खरंच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दफन करून आलो. घर माणसांनी भरलेलं. ताईनं तोंड धुतलं आणि आतल्या खोलीत चिमीच्या पलंगावर जाऊन आडवी झाली. जरा वेळानं आमची मामी, जिला प्रत्येकाच्या घरात नाक खुपसायचं असतं, आत डोकावून आली आणि हातावर हात मारून म्हणाली, "कमाल आहे बाई! एकुलती एक पोर पुरून आली, आणि चक्क घोरतेय? आई आहे की कोण आहे?"

माझं डोकं फिरलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मामीची पर्स तिच्या हातात दिली आणि दार दाखवलं. बाकीचेही एकेक करत उठले. दार लावून मी आतल्या खोलीच्या उंबरठ्यावर बसले. ताई खरोखरच घोरत होती, तोंड उघडं टाकून.

मला प्रार्थना येत नाही. कधीकाळी आलेली विसरले. पण तिथे बसून मी त्याला म्हटलं, नेलीस ना पोरगी? तुझ्याशी मी काही गोड बोलणार नाही. पण ही झोपलीय, दिसतंय ना तुला? हिला उठवू नकोस.